तांब्याच्या गावाचा हिशेब

२०२५ च्या सुरुवातीला आमच्या घरच्या ग्रुपवर एक बातमी फिरली. झांबियात तांबं आणि कोबाल्ट शोधायला भारताला ९ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा मिळाला. काकांनी तिरंगा टाकला, मामेभावाने 'आता चीनची जिरली' असं लिहिलं. मग सगळ्यांनी मला विचारलं, "तुझ्याच भागात का गं?"

मी झांबियातल्या किटवे शहरात राहते, कॉपरबेल्टमध्ये म्हणजे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात. माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं, कोळशाच्या पट्ट्यातलं. बातमीचा मलाही आनंद झाला. पण लगेच वाटलं, ज्या गावाखाली हे तांबं सापडेल, त्या गावाशी कोण बोलणार आहे?

माहेरी आमच्या गच्चीवरून ओबीचे, म्हणजे कोळशावरची माती-दगड काढून टाकलेले, ढिगारे दिसायचे. दोरीवरचे कपडे आई तीन-तीनदा झटकून मगच आत आणायची. किटवेत आल्यावर वुसाकिले वस्तीजवळचा ब्लॅक माउंटन पाहिला आणि पाय जागीच थांबले. तांबं वितळवून उरलेल्या मळीचा तो काळा डोंगर. पोरं अजून त्यात उकरून तांबं शोधतात. २०१८ मध्ये त्याचा कडा ढासळला आणि दहा जण गेले.

१८ फेब्रुवारी २०२५ ला चांबिशीजवळ खाणीच्या आम्लाच्या गाळाचा बांध फुटला. गाळ काफुए नदीत उतरला आणि अख्ख्या किटवेचं पाणी बंद झालं. शेजारीण आणि मी पिवळे कॅन घेऊन एका चर्चच्या बोअरवेलवर रांगेत उभ्या होतो. बांध एका परदेशी कंपनीचा होता. रांगेत भारतीय अशी मी एकटीच होते आणि मनात सारखं येत होतं, उद्या इथे आपल्या देशाचं नाव निघालं तर? खरं तर ते एकदा निघालेलंही आहे. कोंकोला कॉपर माइन्स या वेदांताच्या उपकंपनीच्या खाणीतून झालेल्या प्रदूषणाबद्दल कॉपरबेल्टमधल्याच चिंगोलाच्या गावकऱ्यांनी वेदांताविरुद्ध थेट लंडनमध्ये दावा लावला होता. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने तो तिथे चालवू दिला. २०२१ मध्ये तडजोड झाली, जबाबदारी मान्य न करता. गावच्या लोकांना आपलं म्हणणं मांडायला समुद्र ओलांडावा लागला, हे मला फार लागतं.

माझी शेजारीण प्राथमिक शाळेत शिकवते आणि वॉर्डाच्या विकास समितीवर आहे. झांबियाने २०२० मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थकवले. २०२१ मध्ये हाकाइंडे हिचिलेमा राष्ट्राध्यक्ष झाले आणि तशा तंगीतही २०२२ पासून प्रत्येक मतदारसंघाचा विकासनिधी १६ लाख क्वाचांवरून थेट २ कोटी ५७ लाखांवर नेला. आपल्या आमदार निधीसारखाच हा प्रकार, पण कामं सुचवायची ती वॉर्डाच्या समितीने. वर्गखोल्या, प्रसूतिगृह, डेस्क, गरजू मुलांची वसतिगृहाची फी. यादी शाळेच्या भिंतीवर लागली तेव्हा शेजारणीने मला बोलावून दाखवली. एकेका ओळीवर बोट ठेवत गेली, डेस्कांच्या ओळीवर थांबली आणि सरळ वर्गात जाऊन डेस्क मोजून आली. कमी भरले. दुसऱ्या दिवशी ती कौन्सिलमध्ये जाऊन उभी राहिली.

सगळं गोड आहे असं नाही. हा पैसा सगळ्या मतदारसंघांना सारखाच मिळतो. जिथे नदी नासली तिथेही तेवढाच, जिथे खाणीचा धूरही पोहोचत नाही तिथेही तेवढाच. इथे आपला कायदा उजवा आहे. २०१५ पासून खाणपट्टेधारकाला रॉयल्टीच्या १० किंवा ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते आणि ती खाणबाधितांसाठीच असते. सुरजागडच्या लोहखाणीवरून गडचिरोलीत 'रोजगार की जंगल' असा वाद घालणाऱ्या माझ्या भावंडांनी या पैशाबद्दलही तेवढ्याच जोराने बोलावं असं मला मनापासून वाटतं. माझ्या गावात तरी खनिज निधीच्या कामांची यादी भिंतीवर लागलेली मी पाहिलेली नाही.

आणखी एक गोष्ट. कोणत्या खाण कंपनीने सरकारला किती पैसे दिले, हे जगजाहीर करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात झांबिया आहे, त्याचे अहवाल निघतात. भारत त्यात नाही. म्हणून दिल्ली आणि लुसाका मैत्रीच्या गोष्टी करतात तेव्हा शिकवणारे आपण आणि शिकणारे ते, असं मी मानत नाही. झांबियाची राजधानी लुसाका, तिथले उड्डाणपूल बव्हंशी भारताच्या कर्जातून मुंबईच्या अफकॉन्सने बांधले. त्या पुलांवरून जाताना मला अभिमान वाटतो. खाण काढायला येणाऱ्या भारताने आधी गावाला विचारावं, पाण्याचे अहवाल बेंबा भाषेत लावावेत, रॉयल्टीचा आकडा सांगावा. चंद्रपूरसाठी जे मागते तेच मी इथल्या गावांसाठी मागते आहे.

शेजारणीला मी ती ९ हजार चौरस किलोमीटरची बातमी दाखवली. तिने विचारलं, "यात गावांबद्दल काय लिहिलंय?" मी तोच प्रश्न घरच्या ग्रुपवर टाकला. बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. रात्री काकांचा मेसेज आला: "खरंच गं, शोधतो."