रात्री करून ठेवलेला नाष्टा विष असतो काय? त्या मेसेजला उत्तर

गेले आठ-दहा दिवस घरच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर, पोरीच्या शाळेच्या ग्रुपवर तो एकच मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की शिजवलेलं अन्न तीन तासांत विष होतं, आंबवलेलं पीठ म्हणजे सडलेलं पीठ, परत गरम केलं की सत्त्व जातं, आणि आपल्या आज्या पहाटे उठून सगळं ताजं करायच्या, आताच्या बायका आळशी झाल्या म्हणून घरोघरी आजारपण आलं. मी गप्पच बसणार होते. पण आमच्या शेजारच्या वैनींनी तो वाचून पातेलंभर इडलीचं पीठ मोरीत ओतलं आणि मग तीन दिवस त्यांची दोन्ही पोरं चहा-बिस्किटावर शाळेच्या गाडीत बसली, मालक उद्यमबागच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्टला तसेच उपाशी गेले, ते बघवलं नाही म्हणून लिहितेय.

पहिलं ते तीन तासांचं. अन्न घड्याळ बघून खराब होत नाही, ते कुठं आणि कसं ठेवलंय यावर असतं सगळं. जंतू भराभर वाढतात ते साधारण 5 ते 60 डिग्रीच्या मध्ये, म्हणजे आपल्या ओट्यावर, झाकण ठेवलेल्या कोमट पातेल्यात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं 2 तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, त्याच्या आत फ्रिजमध्ये टाका, 5 डिग्रीच्या खाली. म्हणजे बाहेर राहिलेल्या अन्नाला त्यांचा नियम या मेसेजपेक्षा कडक आहे, पण फ्रिजमध्ये वेळेत गेलेलं अन्न विष आहे असं ती संघटना कुठंच म्हणत नाही.

यात भाताचं मात्र मी वेगळं सांगणार, कारण आपल्याकडं सकाळी फोडणीचा भात नाहीतर चित्रान्न हे ठरलेलंच. रात्रीचा भात कुकरमध्येच ओट्यावर राहिला तर सकाळी फोडणी घालून तो चांगला होत नाही ओ. भातात एक जंतू असतो, बॅसिलस सेरियस, त्याची बीजं उकळूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात रात्रभर वाढून तो जे विष तयार करतो ते परत गरम केलं तरी जात नाही. उलट्या होतात त्यानं. तेव्हा जेवणं झाली की उरलेला भात पसरट डब्यात काढायचा, वाफ गेली की फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपवायचा, त्याच्या पुढं ठेवायचा नाही. मेसेजवाल्यानं एवढं एक नीट लिहिलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते.

दुसरं, आंबवलेलं म्हणजे सडलेलं. हे वाचून मला खरंच राग आला. उडीद-तांदळाचं पीठ रात्री फुगतं ते चांगल्या जंतूंमुळं, दह्यात असतात त्यांचेच भाऊबंद, आणि ते जी आंबट आम्लं तयार करतात त्यात बहुतेक वाईट जंतूंना वाढताच येत नाही. वर आंबवल्यानं धान्यातलं फायटेट कमी होतं, तेच लोह धरून ठेवतं, ते सुटलं की लोह अंगाला लागतं. सडलेलं पीठ वेगळं, ते ओळखू येतं: गुलाबी नाहीतर काळसर डाग, बुरशी, नाकाला झोंबणारा घाण वास. तसं दिसलं तर फेका, वरचा थर काढून बाकीचं वापरू नका. माझं असं असतं की रविवारी सकाळी चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथी भिजवायची, संध्याकाळी वाटायचं, रात्रभर बाहेर. पावसाळ्यात बेळगावचा गारठा असतो म्हणून डब्याला जुनी चादर गुंडाळते. सकाळी झाकण उघडलं की पीठ वर येऊन काठाला टेकलेलं असतं, पळी घातली की बुडबुडे फुटतात, लगेच फ्रिजमध्ये. सोमवारी-मंगळवारी इडली, बुधवारी आंबटपणा वाढतो मग त्यात कांदा, गाजर, कोथिंबीर घालून पड्डू, म्हणजे आप्पे. गुरुवारपर्यंत डबा रिकामा. उन्हाळ्यात लाईट गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही, तसं साधारण 4 तास गार टिकतं.

परत गरम केल्यानं सत्त्व जातं म्हणे. सी जीवनसत्त्व जातं थोडं, ते खरं. लिंबू वरून पिळा, झालं. प्रोटीन, लोह, कॅल्शियम गरम केल्यानं कुठं जाणार? फक्त वाफ निघेपर्यंत आतून गरम करा, आणि एकदाच.

आता आज्यांचं, यावर मला सविस्तर बोलायचंय, कारण ज्यानं हे लिहिलं त्यानं आपल्या भागातली आजी बघितलेलीच नाही. माझी आजी अथणीकडची. तिच्या घरी दर पंधरवड्याला कडक भाकऱ्यांचा दिवस असायचा, दोघी-तिघी बायका बसून ज्वारीची पातळ भाकरी थापायच्या, तव्यावर भाजून चुलीच्या कडेला उभी करून वाळवायच्या, पापडासारखी कडक झाली की बुट्टीत कापड घालून रचायच्या. मोडली की कडाकड आवाज. त्यात पाणीच उरत नाही म्हणून बुरशी धरत नाही, महिनाभर सहज राहते. सकाळी ती चुरायची, वर दही, शेंगाची चटणी, कांदा, आणि माणूस शेताला. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला बैलगाडीनं जाणारे हीच भाकरी बांधून न्यायचे. आणि अंबील? नाचण्याचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं, सकाळी पाण्यात शिजवून मीठ-जिरं-लसूण. नाचण्यात 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, आणि हे सगळं आदल्या रात्रीच अर्धं झालेलं. रात्रीची भाकरी सकाळी ताकात मोडून खाणं तर घरोघरी होतं. म्हणजे आपल्या आज्या सकाळच्या वेळेचा हिशोब आदल्या दिवशीच करत होत्या, कारण त्यांनाही दिवस उजाडला की भांगलणीला जायचं असायचं. त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही. मग सकाळी सातला बस धरणाऱ्या, दोन डबे भरून कामावर जाणाऱ्या बाईला का म्हणायचं?

ओट्स दुधात भिजवून ठेवणाऱ्यांनीही घाबरायचं कारण नाही, नियम तोच, फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी संपवा.

वैनींना मी हे सगळं परवा समोर बसून सांगितलं. त्या म्हणाल्या, पण मेसेजमध्ये डॉक्टरचं नाव होतं की. मी म्हटलं, नाव कुणीही लिहितंय वैनी, तुमच्या सासूबाईंना विचारा की त्या शाळेला जाताना काय खाऊन जायच्या. सासूबाई आतून म्हणाल्या, अंबील. काल रात्री मी झोपायला जात होते तर भिंतीपलीकडून मिक्सरचा आवाज येत होता.