लोकसंख्या वाढतेय, पण मुलं जास्त होताहेत म्हणून नव्हे

‘लोक मुलांवर मुलं जन्माला घालताहेत, देशात लोकसंख्येचा स्फोट झालाय. चीनसारखा कायदा करा, दोन वर्षांत वाढ थांबेल.’ हा मजकूर ११ जुलैच्या लोकसंख्या दिनाच्या आसपास हमखास फिरतो.

‘मुलांवर मुलं’ हे आधी तपासू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली एका बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये २.०. आई-बापांची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला साधारण २.१ लागतात. महाराष्ट्र तेव्हा १.७ वर होता. बिहार ३.० वर होता खरा, पण तोही उतरतोच आहे.

‘स्फोट’ म्हणाल तर १९६१-७१ च्या दशकात वाढ २४.८ टक्के होती, २००१-११ मध्ये १७.७. त्याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात माणसं चक्क कमी झाली. चाकरमान्यांच्या घरांना लागलेली कुलुपं कोकणात कुणाला नवीन नाहीत.

मग डोकी वाढतात कशी? भूगोलाच्या पुस्तकातला लोकसंख्येचा मनोरा आठवा. मोठ्या कुटुंबांत जन्मलेल्या मुली आता आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी आयाच इतक्या, की जन्म भरपूर होणार. उलट म्हातारी माणसं तुलनेने कमी, आणि आयुर्मानही वाढलेलं. २०२० साली हजारी १९.५ जन्म आणि ६ मृत्यू होते. वाढ आहे ती या फरकातली. आज कायदा केला म्हणून आधीच जन्मलेल्या मुली नाहीशा होत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारत २०६० च्या दशकात १७० कोटींच्या आसपास शिखर गाठेल आणि मग उतरू लागेल.

चीनचं उदाहरण तर मजकुराच्याच विरोधात जातं. एक अपत्य धोरण १९७९-८० च्या सुमारास आलं, तोवर १९७० ला पाचच्या वर असलेला जननदर, म्हणजे एका बाईमागची सरासरी मुलं, तीनच्या खाली आला होता. आणि एवढं करूनही लोकसंख्या घटायला २०२२ उजाडलं. दोन वर्षं कसली! केरळने असल्या कायद्याशिवाय १९८० च्या दशकाअखेर २.१ गाठलं, मुली शिकल्या आणि बाळं जगू लागली, हे त्यामागचं मोठं कारण.

शिवाय दोन अपत्यांची अट आपल्याकडे स्थानिक निवडणुकांना आहेच. मुलं दोनच, पण मुलगा हवाच, हा हिशेब कुठे नेतो ते बीडने दाखवलं: २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली. हे त्या अटीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण कायदा मागणाऱ्यांनी हा आकडा मजकुरात घालायला हवा होता.