"९९ पर्सेंटाइलवाला पर्सनल ट्युटर लावा, क्लास सोडा" या मेसेजला मुद्द्यानुसार उत्तर

जून-जुलै आला की एमबीएच्या तयारीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, थोडेफार शब्द बदलून पण आशय तोच. कॅट (आयआयएमची प्रवेश परीक्षा) असो, सीईटी (महाराष्ट्राची) असो की जीमॅट (परदेशी आणि काही भारतीय बी-स्कूलसाठीची), क्लासच्या बॅचमध्ये पैसे घालवू नका, ९९ च्या वर पर्सेंटाइल असलेला (म्हणजे शंभरातल्या ९९ जणांच्या पुढे असलेला) पर्सनल ट्युटर शोधा, एकच माणूस तिन्ही परीक्षांचं करून घेतो, फी जास्त असली तरी द्या कारण चांगला माणूस स्वस्तात मिळत नाही, इंग्लिशमधूनच शिकवणारा बघा, तीन महिने पुरतात, आणि स्कोअरची गॅरंटी देत असेल तर लगेच बुक करा.

मी स्वतः संध्याकाळी क्वांट (गणित) आणि डीआयएलआरच्या (तक्ते-आलेख आणि तर्काची कोडी) वन-ऑन-वन शिकवण्या घेते, म्हणजे हा मेसेज पसरला तर फायदा माझ्यासारख्यांचाच आहे. तरीही लिहितेय, कारण हा वाचून लोक आईवडिलांच्या एफडी मोडून चुकीच्या माणसाला आगाऊ पैसे देतात आणि ऑक्टोबरमध्ये रडत फोन करतात, तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

"९९ च्या वर असलेलाच ट्युटर घ्या"

आधी आकडा बघू. कॅट २०२४ ला जवळपास २.९३ लाख लोक बसले, म्हणजे ९९ च्या वर गेलेले झाले साधारण २,९०० आणि हे एका वर्षाचे, दरवर्षी तेवढेच नवीन तयार होतात. त्यामुळे ९९ वाला म्हणजे काहीतरी दुर्मिळ माणूस आहे आणि आत्ता बुक नाही केला तर हातचा जाईल, असं अजिबात नाहीये. त्यातल्या बऱ्याच जणांना शिकवता येत नाही, आणि यात त्यांचा दोषही नाही, त्यांना ते लहानपणापासून पटकन सुचतं, समोरच्याला का सुचत नाही हे त्यांना दिसतच नाही.

परवा एका मुलानं मला त्याच्या आधीच्या ट्युटरच्या सेशनचं रेकॉर्डिंग दाखवलं. डीआयएलआरचा सेट होता (एकाच माहितीवरचे चार-पाच प्रश्न), पाच मित्र, पाच शहरं, पाच नोकऱ्या आणि अटी. ट्युटरनं स्क्रीनवर टेबल काढलं, सहा-सात मिनिटांत सेट सोडवला, खरंच सुंदर सोडवला, आणि शेवटी विचारलं, समजलं ना? मुलगा म्हणाला हो सर. आता त्याच मुलाच्या मॉकचा, म्हणजे सराव परीक्षेचा, टाइम-लॉग बघा, कुठे किती वेळ गेला त्याची नोंद. ४० मिनिटांच्या सेक्शनमध्ये पहिल्या सेटवर १९ मिनिटं, त्यात दोन उत्तरं आणि त्यातलं एक चूक, मग घाबरून तीन सेट नुसते उघडले आणि बंद केले. त्याला टेबल काढता येत होतं हो! अडचण अशी की चुकीचा सेट हातात घेतलाय हे कळल्यावरही तो तो सेट सोडून देत नव्हता, आणि त्या अख्ख्या तासात त्याला एकदाही कुणी विचारलं नाही की तू हाच सेट आधी का घेतलास आणि सातव्या मिनिटाला काय विचार करत होतास.

कॅट २०२४ मध्ये डीआयएलआरचे २२ प्रश्न होते पाच सेटमध्ये. गेल्या काही वर्षांत एकूण मार्कांच्या निम्म्याहून कमी मार्कांत ९९ पर्सेंटाइल आलंय. म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त पेपर हातून सुटला तरी चालतं, कुठला अर्धा सोडायचा ते मात्र कळावं लागतं. हे ज्याला शिकवता येतं त्याचा स्वतःचा स्कोअर ९६ असला तरी मी माझ्या धाकट्या भावाला त्याच्याकडे पाठवीन. स्कोअरकार्ड जरूर मागा, खोटं बोलणारे निघतात, पण तेवढ्यावर ठरवू नका.

"तिन्ही परीक्षा एकच माणूस करून घेतो"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं असं मला वाटतं, कारण ऐकायला ते पटतं, सगळीकडे टक्केवारी आणि टाइम-वर्कची (काळ-कामाची) गणितं तर आहेतच. पण परीक्षा कशी मोजते ते बघा. आपली महाराष्ट्राची एमबीए सीईटी, २०२५ पर्यंतच्या पॅटर्नप्रमाणे, २०० प्रश्न १५० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यात ७५ लॉजिकल आणि २५ अ‍ॅब्स्ट्रॅक्टचे, आकृत्यांचे. इथे एकही प्रश्न रिकामा ठेवणं म्हणजे मार्क फेकून देणं. कॅट बरोबर उलट, ६८ प्रश्नांना १२० मिनिटं, तीन सेक्शनला ४०-४० मिनिटं कुलूपबंद, पर्याय असलेला प्रश्न चुकला की एक मार्क वजा, टाइप करायच्या प्रश्नांना मात्र वजा नाही. सहा महिने सीईटीच्या सवयीनं सगळं टिकमार्क करणारा मुलगा कॅटला बसला की निगेटिव्हमध्ये बुडतो, आणि कॅटच्या सवयीनं शांतपणे विचार करणारी मुलगी सीईटीला १३० व्या प्रश्नावर असताना वेळ संपतो. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुम्बा अशी सीईटीतून प्रवेश देणारी कॉलेजं ज्यांचं स्वप्न आहे त्यांना तर हा फरक ट्युटर ठरवतानाच कळायला हवा.

जीमॅटचं आणखीन वेगळं. नोव्हेंबर २०२३ पासून नवीन फॉरमॅट आला आणि जानेवारी २०२४ अखेर जुना बंद झाला. आता ६४ प्रश्न, तीन सेक्शन ४५-४५ मिनिटांचे, सेंटेन्स करेक्शन (चुकीचं वाक्य सुधारणं) गेलं, क्वांटमधली भूमिती गेली, निबंध गेला, डेटा इनसाइट्स नावाचा तक्ते-आलेखांवरचा सेक्शन आला. पेपर तुमच्या उत्तरांप्रमाणे अवघड-सोपा होत जातो, प्रत्येक सेक्शनच्या शेवटी तीनपर्यंत उत्तरं बदलता येतात. स्कोअर २०५ ते ८०५, आणि नवीन स्कोअर कायम ५ वर संपतो. त्यामुळे कुणी म्हणालं मला ७४० होते तर तो माणूस जुन्या परीक्षेचा आहे, वाईट नाही, पण पुढचा प्रश्न विचारा की नव्या फॉरमॅटची तयारी कुणाकडून करून घेतलीत. आणि त्यानं दिलेल्या प्लॅनमध्ये पहिला महिना सेंटेन्स करेक्शन असेल तर तिथेच धन्यवाद म्हणा. शिवाय जुने ७०० म्हणजे नवे साधारण ६४५, हे न सांगता "७०० चं टार्गेट ठेवू" म्हणणारे अजून आहेत, आणि मुलं बिचारी ६५५ आले की नापास झाल्यासारखी बसतात.

"महाग आहे म्हणजे चांगला आहे"

नाही. फी ठरते शहरावर, मागणीवर, आणि जाहिरात किती केलीय त्यावर. हिशोब करून बघा, समजा ताशी १,५०० आणि ६० तासांचं पॅकेज, ९०,००० झाले, त्यात मॉक टेस्टची सिरीज नाही, ती वेगळी. आता विचारा की त्या ६० तासांत काय होणार. सिलॅबस पहिल्यापासून शिकवणार असेल तर ते काम रेकॉर्डेड कोर्स किंवा साध्या पुस्तकानं खूप कमी पैशात होतं, टक्केवारीचा फॉर्म्युला ऐकायला ताशी १,५०० कशाला द्यायचे. वन-ऑन-वनचा पैसा वसूल होतो तो तुमच्या चुका समोर ठेवून बसल्यावर. माझ्या मते बहुतेकांना सलग ६० तासांची गरजच नसते, मॉकनंतर एकेक तास असे थोडे तास नीट वापरले तरी खूप होतं.

पूर्ण फी आगाऊ देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. चार-पाच सेशनचे द्या, पटलं तर पुढचे.

"क्लास लावणं म्हणजे पैसे वाया"

काहींच्या बाबतीत खरं असेल, १२० मुलांच्या बॅचमध्ये मागच्या बाकावर बसून काही होत नाही हे मान्य. पण पर्सेंटाइल ही तुलना आहे, आणि ट्युटरकडे तुलना करायला माणसंच नसतात. त्याच्याकडचे सहा विद्यार्थी आणि त्यानं स्वतः बनवलेली टेस्ट यावरून तुम्ही कुठे आहात ते कळणार नाही. हजारो मुलं देतात अशी एखादी टेस्ट सिरीज लागतेच, ट्युटर असो वा नसो. आणि २०१७ पासूनचे कॅटचे खरे पेपर आयआयएमनीच उघड केलेत, जीमॅटच्या अधिकृत साइटवर दोन पूर्ण प्रॅक्टिस टेस्ट फुकट आहेत. हे सगळं न वापरता थेट ट्युटर शोधायला निघणं म्हणजे ब्लड टेस्ट न करताच औषध विचारायला जाणं.

"इंग्लिशमधूनच शिकवणारा बघा"

यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हे वाक्य लातूर, सांगली, जळगावहून पुण्यात आलेल्या मुलांना फार लागतं. पेपर इंग्लिशमध्ये आहे हे खरंय. पण उत्तर का चुकलं हे समजून घेण्याची भाषा कुठलीही असू शकते, आणि जी तुमची आहे त्या भाषेत ते लवकर समजतं.

एक मुलगी होती, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आरसीमध्ये (उतारा वाचून उत्तरं द्यायच्या प्रश्नांत) सोळापैकी चार-पाच बरोबर यायचे. आधीच्या ठिकाणी तिला सांगितलं होतं की तुझी व्होकॅब कच्ची आहे, रोज ५० शब्द पाठ कर. ती बिचारी करत होती. माझी एक मैत्रीण व्हर्बल (इंग्लिशचा भाग) शिकवते, तिनं तिला एक उतारा दिला, प्रश्न सोडवायला लावला आणि मराठीत विचारलं, हा पर्याय का घेतलास? ती म्हणाली, कारण हे खरंच आहे ना ताई, असंच असतं. मैत्रीण म्हणाली, असतं गं, पण उताऱ्यात कुठल्या ओळीत लिहिलंय, बोट ठेव. तिला बोट ठेवता येईना. पुढच्या प्रश्नाला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. शब्द तिला येत होते, पण ती उत्तर उताऱ्यातून न काढता स्वतःच्या माहितीतून काढत होती, आणि हे ती मराठीत मोकळेपणानं बोलली म्हणून बाहेर आलं, इंग्लिशमध्ये विचारलं असतं तर ती नुसतं "सॉरी मॅम" म्हणाली असती. त्या दिवसापासून शब्दांच्या याद्या बंद आणि प्रत्येक उत्तराला ओळीचा नंबर लिहायचा एवढंच सुरू. तिचं आरसी सुधारलं, सगळं जादूनं नाही, हळूहळू, पण सुधारलं.

म्हणून ट्युटर मराठीत समजावणारा असेल तर त्यात कमीपणा काहीही नाही, वाचन मात्र इंग्लिशमध्येच करायचं आणि रोज करायचं.

"तीन महिने पुरतात"

कुणाला? इंजिनीअरिंगचा मुलगा, गणित चांगलं, वाचनाची सवय, त्याला पुरतील. ज्यानं बारावीनंतर गणित सोडलंय, नोकरी करून रात्री नऊला बसतो, त्याला नाही पुरत. कॅट नोव्हेंबरच्या शेवटी शेवटी असते, फॉर्म ऑगस्टमध्ये निघतात, आणि फॉर्म भरला की ट्युटर शोधू असं करणाऱ्यांच्या वाट्याला उरलेसुरले स्लॉट येतात. वाचनाची सवयच नसेल तर व्हर्बल तीन महिन्यांत कुणी तयार करून देऊ शकत नाही.

"गॅरंटी देत असेल तर लगेच बुक करा"

गॅरंटी देत असेल तर लगेच फोन ठेवा. पर्सेंटाइल म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे, आणि बाकीचे अडीच-तीन लाख लोक त्या दिवशी काय करणार हे कुणाच्याच हातात नाही. आयआयएमचा इंटरव्ह्यू कॉल देताना दहावी, बारावी, ग्रॅज्युएशनचे मार्कही धरले जातात, ते ट्युटर बदलून देणार आहे का? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियमावली काढली, त्यात निवडीची, मार्कांची असली खोटी हमी देता येत नाही, आणि यशस्वी मुलाचा फोटो निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय लावता येत नाही. पण ती नियमावली ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या कोचिंग सेंटरसाठी आहे, घरून शिकवणारा एकटा ट्युटर त्यात बसत नाही. म्हणजे मेसेज जिकडे ढकलतोय तिकडे संरक्षण कमी आहे, तुमची काळजी तुम्हालाच घ्यावी लागणार.

ट्युटर घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. घ्या, पण आधी दोन मॉक द्या, कुठे अडताय ते स्वतः बघा. मग सीनियर्सना विचारा, आणि ट्युटरच्या टॉपरशी बोलण्यापेक्षा ज्याचे ७० चे ८८ झाले अशा एखाद्याशी बोला. फुकट डेमोत सगळेच ट्युटर आधी तयारी केलेला प्रश्न घेऊन येतात, त्यामुळे एका सेशनचे पैसे देऊन तुमचा पेपर घेऊन जा आणि लक्ष ठेवा की त्या तासात जास्त कोण बोलतंय. शोधायला सुरुवात करताना हा मेसेज पाठवा, हवा तसा बदलून:

"नमस्कार सर / मॅडम, मी यंदा कॅट देतोय, सीईटी पण देणार आहे. सोबत माझ्या शेवटच्या दोन मॉकचे रिपोर्ट आणि टाइम-लॉग पाठवतोय. एक सेशन पैसे देऊन करायचं आहे, त्यात नवीन काही न शिकवता फक्त या दोन मॉकवर बोलायचं आहे. सेशनच्या आधी तुम्ही रिपोर्ट बघू शकाल का, आणि त्यासाठी वेगळी फी असेल तर किती?"