वीस इंची रिमचा रुबाब जांभ्यावर उतरतो
महिंद्राच्या थार जीपवरच्या एका लेखात तिला २० इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूची रिम, सुचवलंय. दिसायला नाद खुळा, मान्य! पण रिम वाढली की टायरची भिंत बारीक होते, आणि दगडाचा मार झेलते ती भिंतच. हिशेब बघा (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिमचे इंच): २५५/६५ आर १८ ची भिंत साधारण १६६ मिलिमीटर, २४५/७५ आर १६ ची १८४. टायरची उंची जवळपास तीच, रबर मात्र बोटभर जास्त.

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याकडं जांभ्याच्या वाटेवर माझ्या अलॉयला केसासारखी चीर गेली. रात्रभर हवा सुटत राहिली, सकाळी बघतोय तर गाडी एका कुशीवर. सोबतच्या मामांची लोखंडी डिस्क, म्हणजे साधी रिम, चेपली होती. त्यांनी ती हातोड्यानं ठोकून सरळ केली आणि निवांत चहाला बसले.

टायर एटी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांचा) की एमटी (मड-टेरेन, चिखलाचा)? आठवडाभर कागल-शिरोली हायवे आणि महिन्यातून एकदा राधानगरी, अशा गड्यानं एटीच घ्यावा. एमटी डांबरावर नुसता घोंघावतो, ओल्या रस्त्यावर ब्रेकलाही कमी धरतो. तांबड्या चिखलात हवा ३० वरून २० पीएसआयवर आणली तरी बरंच भागतं. फक्त हवेचा पंप गाडीत ठेवा, तेवढ्याच कमी हवेवर हायवेला पळवलं तर टायर तापतो.