‘रोमनमध्ये ५० शब्द पाठ करा, ३० दिवसांत जपानी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. इंग्रजी येतं ना, मग जपानी ३० दिवसांत येईल, लिपीच्या भानगडीत पडू नका, रोमन अक्षरांतले हे ५० शब्द पाठ करा, तसेही अर्धे जपानी शब्द इंग्रजीतूनच आलेत आणि अरिगातो (धन्यवाद) तर मुळात पोर्तुगीज आहे, असं सगळं त्यात ठणकावून सांगितलंय, आणि खाली यादी. पुण्यात एवढी मुलं जपानी शिकतात, जुलै-डिसेंबरात जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेला बसतात, त्यामुळे आपल्याकडे तो आणखीनच पसरतोय. शब्द पाठ करायला माझा अजिबात विरोध नाही, सुरुवात तशीच होते. पण ही यादी इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानासाठी बनवलीये आणि त्यात जे दावे आहेत ते त्याच्यासाठीसुद्धा खरे नाहीत, आपल्यासाठी तर नाहीतच.

पहिला दावा, लिपीची गरज नाही. सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. जपानीत स्वर किती लांब ओढला त्यावर अर्थ ठरतो. बीरु म्हणजे बिअर, बिरु म्हणजे बिल्डिंग. ओजिसान म्हणजे काका किंवा मामा, ओजीसान म्हणजे आजोबा. युकी म्हणजे बर्फ, यूकी म्हणजे धाडस. रोमनमध्ये हा फरक दाखवायला अक्षरावर आडवी रेघ द्यावी लागते किंवा स्वर दोनदा लिहावा लागतो आणि अशा यादीत ते हमखास गाळलेलं असतं, मग शिकणारा दोन्ही शब्द एकच समजून बसतो. जोडाक्षराचंही तेच, किते म्हणजे ‘ये’ आणि कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. मका आणि मक्का यात गल्लत न करणाऱ्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं, पण रोमनमधून वाचलं की कळत नाही. इंग्रजी बोलणारा रोमन अक्षरं दिसली की इंग्रजी उच्चारच करतो, म्हणून साके (तांदळाची दारू) चं साकी होतं, काराओके चं कॅरिओकी होतं, आणि त्सु हे जपानी अक्षर तर त्याच्या तोंडात बसतच नाही कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला तो आवाज येत नाही. आपल्याकडे तो आहे! चूक, चूल यातला च घ्या, जवळजवळ तोच. जपानी र पण आपल्या र च्या बराच जवळचा आहे, इंग्रजी र शी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे आपण घरचं सोडून इंग्रजीतून फिरून जायचं आणि वाटेत उच्चार बिघडवून घ्यायचे, हे कशासाठी? हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन लिप्या, दोन्हींची मूळ अक्षरं ४६-४६. क, कि, कु, के, को अशी ओळीने लावलेली, बाराखडी शिकलेल्याला ही रचना नवीन वाटतच नाही. दोन-तीन आठवडे रोज थोडं लिहिलं की वाचता येतात. आणि जेएलपीटीचा पेपर रोमनमध्ये नसतोच, अगदी एन५ या सगळ्यात सोप्या पातळीला सुद्धा.

दुसरा, अर्धे शब्द इंग्रजीतून. अर्धे वगैरे काही नाही, इंग्रजीपेक्षा चिनीतून आलेले शब्द कितीतरी जास्त आहेत. जे इंग्रजीतून आले त्यांचे अर्थ बदललेत. मान्शोन म्हणजे बंगला नाही, साधा फ्लॅट. स्मार्ट म्हणजे सुमातो, पण अर्थ सडपातळ. कान्निंगु म्हणजे परीक्षेतली कॉपी. कोन्सेन्तो म्हणजे भिंतीतलं सॉकेट, इंग्रज माणूस कितीही विचार करून तिथे पोचणार नाही. हॉटेलात बाइकिंगु लिहिलेलं असलं तर तो बुफे आहे, १९५८ साली तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने आपल्या बुफेला व्हायकिंग नाव दिलं तेव्हापासून. आणि अरुबाइतो, म्हणजे पार्टटाइम काम, हा तर जर्मन शब्द. ओळखीचे वाटणारे शब्दच जास्त जपून शिकावे लागतात.

तिसरा, अरिगातो हे ओब्रिगादो या पोर्तुगीज ‘धन्यवाद’ वरून आलं. गोव्यात तर हे फार आवडीने सांगतात, पण चूक आहे. पोर्तुगीज पहिल्यांदा जपानात तानेगाशिमा बेटावर उतरले १५४३ मध्ये. सेइ शोनागोन या जपानी लेखिकेने इसवी १००० च्या सुमारास लिहिलेल्या ‘माकुरा नो सोशी’ या पुस्तकात ‘अरिगाताकी मोनो’, म्हणजे दुर्मीळ गोष्टी, अशी एक अख्खी यादी आहे, शब्द तोच. खरं नातं हवं असेल तर ते पावात आहे, आपला पाव आणि जपानी पान (म्हणजे ब्रेड) हे दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दावरून आलेत. ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहूनच निघून कागोशिमाला पोचला, सोबत गोव्यात शिकलेला आन्जिरो नावाचा जपानी माणूस होता. एवढा खरा इतिहास असताना खोटा कशाला पसरवायचा.

यादीत ‘तू/तुम्ही = आनाता’ दिलंय. बॉसला किंवा क्लायंटला आनाता म्हटलं तर उद्धट वाटतं. नाव घ्यायचं आणि आदरार्थी सान लावायचं, तानाकासान, किंवा कर्ता गाळूनच टाकायचा. स्वतःच्या नावाला सान मात्र कधीच नाही.

‘बाय = सायोनारा’ पण तसंच. रोज भेटणाऱ्यांना ते कोणी फारसं म्हणत नाही, लांबच्या निरोपासारखं वाटतं. मित्रांत जा ने (चल मग), माता आश्ता (उद्या भेटू). ऑफिसातून निघताना ओसाकी नि शित्सुरेइ शिमास (तुमच्या आधी निघतोय, माफ करा). घरातून निघताना इत्ते किमास, म्हणजे शब्दशः ‘जाऊन येतो’, आपण म्हणतो तेच, आणि इंग्रजीत याला नेमकं काही नाहीच म्हणून इंग्रजी यादीत ते येत नाही.

राहिले ३० दिवस. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांच्या हिशोबात इंग्रजी बोलणाऱ्याला कामकाजापुरती जपानी यायला २२०० तासांचे वर्ग लागतात, ८८ आठवडे, आणि जपानी सगळ्यात अवघड गटात आहे. एक कारण म्हणजे त्याला वाक्य अख्खं उलटं करावं लागतं. आपल्याला नाही. वाताशि वा ओचा ओ नोमिमास, मी चहा पितो, क्रियापद शेवटीच. तोमोदाचि नो उचि, मित्राचं घर. तोक्यो कारा क्योतो मादे, तोक्योपासून क्योतोपर्यंत, शब्दाला शब्द आणि त्याच क्रमाने. कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं, आपल्यालाही अवघडच जाणार, रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच २१३६ आहेत, त्यावर कुठलाही शॉर्टकट नाही. पण वाक्यरचना मराठीतून सरळ शिका, मध्ये इंग्रजी आणू नका, आणि कोणी रोमनमधली यादी पाठवली तर त्याला उलट हिरागानाचा तक्ता पाठवा.