दोन शब्द

‘दोन शब्द’ हे मराठीतलं सगळ्यात फसवं माप आहे. ‘दोन मिनिटांत आलो’ त्याच्या खालोखाल. दोन शब्द बोलायला उभा केलेला माणूस दुसऱ्या शब्दानंतर खाली बसलाय, असं मी आजवर पाहिलेलं नाही. मी मात्र दर वेळी ते शब्दशः घेते आणि दोन शब्द निवडून ठेवते. ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’. मधलं काय असेल ते लोकांनी चित्रांत बघून घ्यावं. त्यासाठीच तर ती काढली.

गेल्या महिन्यात, मी चित्रं काढलेल्या मुलांच्या एका पुस्तकाचं प्रकाशन होतं. व्यासपीठावर मी उजवीकडून दुसरी. समोर चाळीसेक माणसं. कार्यक्रमपत्रिकेत पाचव्या क्रमांकावर ‘चित्रकर्तीचे मनोगत’. माझं मनोगत मनातच बरं असतं, हे मी आयोजकांना सांगायला हवं होतं. पण ते सांगायला बोलावं लागतं, आणि तिथंच तर सगळं अडतं.

मुळात तो फोन मी उचलायलाच नको होता. एरवी उचलत नाही. अनोळखी नंबर आला की फोनकडे बघत श्वास रोखून बसते, जणू पलीकडच्याला माझा श्वास ऐकू जाणार आहे. वाजायचा थांबला की पाच मिनिटं जाऊ देते आणि मग मेसेज करते, ‘सॉरी, फोन जवळ नव्हता.’ फोन त्या वेळी हातातच असतो. स्वतःहून फोन करायची वेळ आली तर आधी कागदावर संवाद लिहून घेते. पहिली ओळ ‘हॅलो’. तीही लिहावी लागते. त्या दिवशी मात्र रंग लागलेल्या बोटानं चुकून नको तिकडे दाबलं गेलं, आणि पलीकडून आवाज आला, “याल ना मॅडम? थोडं बोलालही ना?” मी “हो” म्हणाले. ‘नाही’ म्हटलं की कारण द्यावं लागतं. ‘हो’ला कुणी कारण विचारत नाही.

भीड भिकेची बहीण, असं म्हणतात. आमच्या धंद्यात ती सख्खी बहीण आहे, आणि माझ्याच घरी राहायला आहे. एका चित्राचं मानधन विचारायला मला जितके दिवस लागतात, तितक्यात दुसरं चित्र काढून होतं. तेही बहुतेक तेवढ्याच भिडेपोटी.

हे सगळं टेबलाखाली सुरू झालं. घरी कुणी आलं की मी आधी दाराआड आणि तिथून संधी साधून टेबलाखाली. टेबलावरचा कपडा बाजूनं चांगला हातभर खाली आलेला असे, त्यामुळे आत माझी एक खोलीच तयार होई. वही, पेन्सिल आणि मी. बाहेरच्या जगातलं मला दिसायचं ते फक्त गुडघ्यांपासून खाली.

एवढ्यावर माणूस पुरता कळतो, हे मला सातव्या-आठव्या वर्षीच समजलं होतं. “चला, निघतो आता,” असं वरून कुणी म्हणालं तरी पाय हललेले नसतील, तर आणखी पाऊण तासाची निश्चिंती. पाय चपला चाचपायला लागले म्हणजे खरं. एक मावशी सगळ्यांचं तोंडभरून कौतुक करायची आणि करताना अंगठ्यानं फरशी उकरायची. बाबांच्या पायाचा अंगठा पैशांचा विषय निघाला की ताठ उभा राहायचा. वर बाबा हसत असायचे. मी अंगठा काढून ठेवायचे.

या सुखाला एकच धोका होता. कुणीतरी विचारायचं, “चित्रं छान काढते म्हणे? दाखव की.” मग मला बाहेर ओढलं जाई आणि वही हातोहात फिरे. आमच्या मोठ्या माणसांना चित्र नुसतं बघता येत नसे, ते ओळखावं लागे. “हा घोडा ना?” ती आई असायची. मी काही बोलत नसे, म्हणून घोडा कायम होई आणि सगळे त्याच्या शेपटीची वाखाणणी करत. मग “अगं, बोल की, तोंडात काय मूग भरलेत?” हे यायचंच. शेवटी आई म्हणायची, “ती जरा बुजरी आहे.” मी तिथंच उभी असताना, खाजगी आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आईच्या मते हे माझ्यात जन्मतःच होतं. मला वाटायचं, आयाच त्या, म्हणणारच. पुढे कळलं की हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी अवघ्या चार महिन्यांच्या बाळांपुढे हलती खेळणी धरली, अनोळखी आवाज ऐकवले, नाकाशी निराळे वास नेले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून भोकाड पसरायचं. पुढे मोठेपणी बुजरी निघालेली मुलं या गटात जास्त सापडली. सगळीच नव्हे, हे केगनही सांगत. आईला हे मी मोठ्या उत्साहानं ऐकवलं. ती म्हणाली, “चार महिने कशाला? तू तिसऱ्याच महिन्यात.”

वही लोकांच्या हाती पडू लागल्यावर मी नवव्या वर्षी स्वतःची लिपी काढली. प्रत्येक अक्षराला एक चिन्ह, जोडाक्षरांना दोन. चित्रांखाली त्या लिपीत खरं काय ते लिहायचे. मला वाटायचं, असा उद्योग जगात मी एकटीच करते. पण सश्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्या आणि चितारणाऱ्या बिअट्रिक्स पॉटर यांनी पंधराच्या आसपास असताना अशीच गुप्त लिपी तयार केली होती, आणि वयाच्या तिशीपर्यंत त्या त्याच लिपीत रोजनिशी लिहीत होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर लेस्ली लिंडर नावाच्या गृहस्थांनी काही वर्षं डोकं खपवून १९५८ साली ती उलगडली. पानावर दिसलेले रोमन आकड्यांतले सोळा आणि १७९३ हे साल, एवढ्या धाग्यावरून त्यांना फ्रान्सचा सोळावा लुई आणि त्याचा वध सापडला आणि तिथून पुढे कुलूप उघडलं. माझ्याही लिपीतली दोन पानं शिल्लक आहेत. किल्ली मी कुठे लिहिली होती ते आठवत नाही. मला लिंडर मिळायची शक्यता कमी, तेव्हा नवव्या वर्षी माझं जगाबद्दल काय मत होतं ते आता कुणालाच कळणार नाही. मत वाईट होतं, एवढं चिन्हांच्या टोकांवरून जाणवतं.

पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून गाजलेल्या ब्राँटी बहिणी आणि त्यांचा भाऊ ब्रॅनवेल, या भावंडांची युक्ती याहून सरस. १८२६ मध्ये वडिलांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपायांची पेटी आणली. भावंडांनी त्या शिपायांचं राज्य वसवलं आणि शिपायांना वाचता येतील अशा बेताची, काडेपेटीएवढी पुस्तकं हातानं लिहून शिवली. अक्षर इतकं बारीक, की मोठ्या माणसानं वाचायचं तर भिंग हवं. मी ती युक्ती करून पाहिली नाही याची हळहळ वाटते. आमच्याकडे भिंग नव्हतं.

शाळेत मात्र मला माझा तह सापडला. प्रगतिपुस्तकावर दर वर्षी तोच शेरा, ‘हुशार आहे, पण बोलत नाही.’ पाचवीत वक्तृत्व स्पर्धेची सक्ती झाली. मी रात्रभर ताप यावा म्हणून प्रार्थना केली. सकाळी बाई म्हणाल्या, “फळ्यावर स्पर्धेचं नाव आणि भोवती वेलबुट्टी कोण काढेल?” मी हात वर केला. वर्गात मी हात वर करण्याची ती पहिली वेळ, बाई खडू द्यायचं विसरून बघतच राहिल्या. मी ती वेलबुट्टी इतकी रेंगाळत काढली, की माझा नंबर येऊन गेला तरी एक पान बाकी होतं. बाईंनी ते सोडून दिलं. वर्गाकडे पाठ करून उभं राहण्याचा अधिकृत परवाना जगात फक्त फळा रंगवणाऱ्याला असतो, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. पुढची पाच वर्षं सगळे सुविचार, सगळी स्वागतं, स्नेहसंमेलनाचे सगळे पडदे माझ्याकडे. रंगव, म्हणजे बोलावं लागणार नाही. व्यवहार चोख होता.

मुलाखतींत लोक विचारतात, चित्रकलेकडे कशा वळलात? कुणी तरी आतला आवाज वगैरे उत्तराची वाट बघत असतं. मी वळले नाही. मी लपले, आणि लपायच्या जागी पेन्सिल होती.

लपण्याच्या खुणा अजून चित्रांत आहेत. माझी पात्रं बहुधा पाठमोरी असतात. पाय अत्यंत बारकाईनं काढलेले, हात खिशात किंवा मागे. एका समीक्षकानं लिहिलं होतं की या पाठमोऱ्या आकृतींतून आधुनिक माणसाचं तुटलेपण व्यक्त होतं. मी ते कात्रण जपून ठेवलंय. खरं सांगायचं तर माणसांच्या चेहऱ्यांकडे मी पुरेसं बघितलेलंच नाही. परवाच्या पुस्तकाच्या वेळी संपादक म्हणाले, “मुखपृष्ठावरचा मुलगा वाचकाकडे बघतोय असं करू या का?” त्याला अकरा दिवस लागले. तो मुलगा नजर वर करेचना. शेवटी थोडं बघितलं त्यानं, पण वाचकाच्या कानाकडे.

पण तहात एक कलम मी वाचलं नव्हतं. बोलायला लागू नये म्हणून चित्रं काढली, ती बरी निघाली, आणि आता बरी चित्रं काढते म्हणून बोलावं लागतं. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि पुढे पियानो वाजवला तो ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. मला त्यांचा हेवा वाटतो. पण रंगमंच सोडायचा तर आधी तिथं असावं लागतं. मी घरी बसून काम करणारी बाई, सोडू काय?

तर, व्यासपीठ. चौथा कार्यक्रम संपत आला तसे माझे कान तापू लागले. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये माणसाच्या लाजून लाल होण्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय, आणि त्यात नोंदवलंय की ही लाली दाबायला गेलं की उलट वाढते. हे वाचलं नसतं तर बरं झालं असतं. मी दाबत होते, ती वाढत होती, आणि ती का वाढतेय हे मला संदर्भासहित माहीत होतं.

धाकट्या भावानं निघताना मला धीर दिला होता. “ताई, लोक आपल्याकडे बघतच नाहीत गं,” म्हणाला आणि एक प्रयोग सांगितला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा एका गायकाच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी चेहरा ओळखला असणार. प्रत्यक्षात ओळखला होता साधारण चौथाई लोकांनी. “बघ,” भाऊ म्हणाला. मी सभागृहात हिशेब केला. चाळीसची चौथाई दहा. दहा माणसं! आमच्या घरी एका वेळी तीन यायची, तरी मी टेबलाखाली जायचे.

म्हणून नजर आपोआप खाली गेली. व्यासपीठावरच्या टेबलाला समोरून कापड होतं, आमच्या बाजूनं उघडं. आणि तिथं मला माझं जुनं जग दिसलं. अध्यक्षांनी एक बूट काढून ठेवला होता, मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. लेखकाचे दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीला वेटोळं घालून बसले होते. आणि प्रमुख पाहुणे, ज्यांच्या वक्तृत्वाची ख्याती आहे, जे नुकतेच पंचवीस मिनिटं न अडखळता बोलून खाली बसले होते, त्यांची टाच अजून शिलाई मशीनसारखी थरथरत होती. माझ्या हातात भाषणाचा कागद होता. पेन होतंच. मी टाच काढायला घेतली.

“आता आपण आपल्या चित्रकर्तींना विनंती करू, की त्यांनी दोन शब्द बोलावेत.”

मी उठून माइकशी गेले. कागद समोर धरला. भाषणाच्या बारा ओळींवर सहा पाय उभे होते. पहिली ओळ अध्यक्षांच्या मोज्याखाली गेलेली, शेवटची कुणाच्या तरी टाचेखाली. मधे एकच वाक्य धड वाचता येत होतं. मी म्हणाले, “नमस्कार. विशेषतः छपाईच्या बाबतीत मी त्यांची ऋणी आहे. धन्यवाद.”

क्षणभर शांतता. मग टाळ्या, आणि त्या मनापासूनच्या होत्या, कारण कार्यक्रमाला चाळीस मिनिटं उशीर झालेला होता. कुणाची ऋणी, हे कुणीच विचारलं नाही. छपाईशी संबंध असलेले तीन जण मात्र नंतर स्वतंत्रपणे येऊन म्हणाले, “अहो, एवढं काय त्यात.” निवेदिकेनं ‘मौनाची भाषा’ असं काहीतरी म्हटलं. मी जागेवर येऊन प्रमुख पाहुण्यांच्या टाचेकडे पाहिलं. थांबली होती. ते हळूच माझ्याकडे वाकून म्हणाले, “तुम्हाला अजिबात भीती वाटत नाही का हो?”

कागद मी टेबलावरच विसरले. तो आयोजकांना सापडला. दोन दिवसांनी फोन वाजला, मी श्वास रोखून बघत राहिले, थांबला. मागोमाग मेसेज आला. स्केचेस अप्रतिम आहेत, सगळ्यांनी आपापले पाय ओळखले, अध्यक्षांनी तर आपला पाय फ्रेम करून मागितला आहे. तर पुढच्या महिन्यात कलाशाखेच्या विद्यार्थ्यांपुढे आपण व्याख्यान द्यावं. विषय ‘संकोचाकडून सर्जनाकडे’. वेळ फक्त पंचेचाळीस मिनिटं, त्यानंतर प्रश्नोत्तरं. जमणार असल्यास मेसेज केला तरी चालेल, नसल्यास कृपया फोन करून कळवावं.

मी ‘नक्की’ असं टाइप केलं आणि पाठवून दिलं.