काढ्याने बी सेल वाढत नाहीत हो!

आमच्या कोथरूडच्या सोसायटी ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय, तुमच्याकडेही आलं असेल. जंतू शरीरात शिरला की साध्या पांढऱ्या पेशी त्याला बघून बी सेल (म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) बनतात, त्याच्या मापाची अँटीबॉडी तयार करतात, आणि अमुक काढा 21 दिवस घेतला की जास्तीत जास्त पेशी बी होतात. पाठवणारे काका मनाने चांगलेत, पण यातलं काहीच तसं होत नाही.

पहिलं म्हणजे बी व्हायचं की नाही हे जंतू ठरवतच नाही. ते बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात ठरतं, जंतूचा पत्ताही नसताना. ईटूए, ईबीएफ1, पॅक्स5 ही प्रोटीन्स एकामागोमाग कामाला लागतात, बी सेलची जीन्स चालू करतात आणि पॅक्स5 तर बाकीच्या वाटा बंदच करून टाकतं. तशीच एखादी पूर्वज पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत पोचली तर तिथे नॉच नावाच्या प्रोटीनचा सिग्नल मिळून ती टी सेल, म्हणजे दुसऱ्या प्रकारची पांढरी पेशी होते. बरं पॅक्स5 एकदा शिक्का मारून मोकळं होतं असंही नाही, 2007 मध्ये उंदरांच्या पूर्ण तयार बी सेलमधून ते काढलं तर त्या पेशी चक्क मागे फिरल्या आणि त्यांच्यापासून टी सेल झाल्या! म्हणजे नुसतं बी राहायलासुद्धा ते सतत लागतं, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

"बघून अँटीबॉडी" हे तर उलटंच. रॅग1 आणि रॅग2 ही प्रोटीन्स अँटीबॉडीच्या जीन्समधला डीएनए कापतात, तुकडे परत जोडले जातात, आधी अँटीबॉडीच्या मोठ्या साखळीचे (हेवी चेन) मग छोट्या साखळीचे (लाइट), आणि हे बरंचसं रँडम, म्हणून प्रत्येक पेशीचा रिसेप्टर, म्हणजे जंतू पकडणारा भाग वेगळा. जंतू येतो नंतर, ज्या पेशीला तो जुळतो ती वाढते. पुढे त्यात बारीक सुधारणा होते, तेवढे मार्क काकांना देऊ. अँटीबॉडीची जीन्स अशी तुकडे जोडून बनतात, या शोधासाठीच जपानी शास्त्रज्ञ सुसुमु टोनेगावांना 1987 चं नोबेल मिळालं.

राहिला काढा. बी सेल जास्त म्हणजे इम्युनिटी जास्त, हे कोणी सांगितलं? लहान मुलांच्या एएलएल ल्युकेमियात, म्हणजे एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरमध्ये, बहुतेक वेळा अर्धवट वाढलेल्या बी पेशीच बेसुमार वाढलेल्या असतात. आणि बी सेलच्या वाढीला लागणारं बीटीके जीन बिघडलेल्या मुलांमध्ये पेशी प्री-बी या अर्धवट टप्प्यावरच अडकतात, अँटीबॉडी जवळजवळ नसतातच, बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे तयार अँटीबॉडी) द्यावं लागतं. तिथे काढा काय करणार, कप्पाळ?

चवीला खुशाल प्या. पण मुलाला परत परत न्यूमोनिया होत असेल, कान वाहत असेल तर ग्रुपवर विचारत बसू नका, पीडियाट्रिशियनला इम्युनोग्लोब्युलिनच्या टेस्टबद्दल विचारा.